नोंदणीने तस्करीचे माकड कायदेशीर होत नाही

विदेशी माकडे पाळू पाहणाऱ्यांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. वन्यजीव कायदा भारतीय प्राण्यांपुरताच आहे, मार्मोसेट (चिमुकले माकड) किंवा गिबन (बिनशेपटीचा वानर) घेऊन केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंद केली की तो कायदेशीर होतो, हे प्राणी प्रजनन केंद्रातच जन्मलेले असतात आणि विमानतळावर पकडले गेले तरी सुखरूप परत जातात, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान जुन्या कायद्याबाबत बऱ्याच अंशी खरे होते. मात्र २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ‘साइटिस’ या धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. माणूस वगळता सर्व वानरवर्गीय प्राणी या कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

नोंदणीविषयीचा गैरसमज अधिक घातक आहे, कारण त्याला सत्याचा थोडा आधार आहे. जून २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वेच्छेने जाहीर करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती आणि त्या काळात कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. ती सवलत तेव्हा ताब्यात असलेल्या प्राण्यांसाठी होती. आज वन्यजीव कायद्याच्या कलम ४९ एमखालील नोंदणीने प्राणी कोणाकडे आहे एवढेच कळते; तो देशात कसा आला, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्याचे उत्तर निर्यातदार देशाचा साइटिस परवाना आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना यांतच मिळते. विक्रेता हे दोन्ही दाखवू शकत नसेल, तर नोंदणीचा कागद कितीही खरा असो, प्राणी तस्करीचाच असण्याची दाट शक्यता आहे. सीमाशुल्क कायद्यानुसार असा प्राणी जप्त होतो आणि गंभीर प्रकरणांत कलम १३५ खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

प्रजनन केंद्राच्या दाव्याबद्दल एवढेच की, खरोखर पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्यालाही कागदपत्रे लागतात आणि ती असतील तर त्याला बॅगेत लपवून आणावे लागत नाही.

‘सुखरूप परत’ हे वाचून मात्र संताप येतो. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर एका प्रवाशाच्या ट्रॉली बॅगेतील टोपलीत दोन चंदेरी गिबन सापडले. अवघ्या काही महिन्यांच्या त्या पिल्लांपैकी एक आधीच मेले होते. ही प्रजाती फक्त जावा बेटावर आढळते. गिबनची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते आणि पिल्लू तिच्या अंगाला घट्ट बिलगलेले असते; त्यामुळे शिकारी पिल्लासाठी बहुधा आधी आईलाच गोळी घालतात. वाचलेला प्राणी अनेकदा विमान जिथून आले त्याच देशात पाठवला जातो, आणि बँकॉकहून आलेल्या चंदेरी गिबनसाठी थायलंड हे घर नव्हे.