रिन्यू, नवा आणि दारावरचं नवं

परवा लायसन्स रिन्यू करून आणलं. पंचावन्न ओलांडले की एका वेळी पाचच वर्षं मिळतात, मी तर साठीचा. डॉक्टरांचा दाखला, फॉर्म, फोटो, सगळं झालं आणि कार्ड घरी आलं. नंबर तोच, नाव तेच, रक्तगट तोच. नवीन म्हणाल तर फक्त फोटो, आणि नेमका तोच मला म्हातारा दाखवतोय. बायको कार्ड उलटसुलट करून म्हणाली, "यात नवं काय झालं?"

हे मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, तर एकाने लगेच सुनावलं, "रिन्यू काय, नूतनीकरण म्हण! मराठी आहेस ना?"

आता बोलतोच.

रिन्यू शब्दाला मधे कापा. पुढचा 'रि' लॅटिनचा, म्हणजे पुन्हा. मागे राहिला 'न्यू', तो इंग्रजीच्या स्वतःच्या घरातला. लॅटिनमध्ये 'रेनोवारे' होतंच, त्या साच्यावर चौदाव्या शतकात इंग्रजांनी हे धड आणि शीर जोडलं. (तेच रेनोवारे पुढे अख्खंच्या अख्खं इंग्रजीत शिरलं, आणि आपण आता फ्लॅटचं रिनोव्हेशन काढतो. एकाच अर्थाचे दोन भाऊ, एक कागदपत्रं बघतो, दुसरा टाइल्स.)

गंमत 'न्यू'च्या स्पेलिंगमध्ये आहे. शेवटी तो डब्ल्यू कशाला? उच्चारात तर त्याचा पत्ता नाही. एके काळी होता. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'नीवे' असा होता. त्यातला 'व' म्हणजे आपल्या 'नव'मधलाच 'व'. लॅटिन नोवुस, फारसी नौ (नवरोजमधला), संस्कृत नव, सगळी एकाच घरची पोरं. आपला नवा तिथलाच, आणि मित्राचं लाडकं 'नूतन'ही तिथलंच! म्हणजे मला ज्या शब्दावरून झापलं, तो आणि त्याने सुचवलेला, दोघांची नाळ एकच.

यावर कुणीतरी "बघा, इंग्रजी संस्कृतातूनच निघाली" असं लिहिणार, म्हणून आधीच सांगतो. नाही. ही भावंडं आहेत, आई-लेक नव्हेत. विल्यम जोन्स या भाषापंडिताने 1786 साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम आता कदाचित उरलेलाही नसेल. फॉरवर्ड करणाऱ्यांना ते शेवटचं वाक्य नको असतं.

माझं भांडण नूतनीकरणाशीही नाही. फॉर्मवर ते शोभतं. पण एफडी असो, पॉलिसी असो की लायब्ररीचं पुस्तक, आपण जे करतो ती निव्वळ मुदतवाढ. लायब्ररीतलं पुस्तक रिन्यू होतं म्हणजे मळकं पुस्तक तसंच राहतं, वर एक ताजा शिक्का बसतो. वस्तू खरोखर नवी करायची तेव्हा मराठी माणूस यातला एकही शब्द वापरत नाही. भांड्याला कल्हई करतो. देवळाचा जीर्णोद्धार करतो. आमच्या कोकणात पावसाआधी घर शाकारतात: कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, पुन्हा रचायची. दिवसभर धूळ खाल्ल्यावर कळतं 'रि' म्हणजे काय ते.

आणि कोकणात 'नवं' हे चक्क नाम आहे. दसऱ्याला किंवा नवान्न पौर्णिमेला आई आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं आणि झेंडूचं फूल धरून दोऱ्याने घट्ट बांधायची. एक दाराला, एक तुळशीला, एक विहिरीच्या रहाटाला. आधी गेल्या वर्षीचं सोडवायची. पान कुरकुरीत झालेलं, झेंडू काळा पडलेला, लोंबीत चारदोन दाणे. तेही हातात धरून ती हाक मारायची, "अरे, हे नवं तुळशीत टाक, मग ते नवं बांधते."