ग्रेस मार्क मिळाले ना, मग आता कशाला?

आज मंगळागौरीला गेले होते, मावसबहिणीच्या सुनेची. दादरला हॉल, सकाळी पूजा, दुपारी जेवण, मग खेळ. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. पुरण अजून पोटात नीट बसलेलं नाही आणि डोक्यातला पाराही उतरलेला नाही, म्हणून लिहायला घेतलंय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे सरकावं, राग नाही.

झालं असं. माझी भाची, एफवाय बीकॉम, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. प्रॅक्टिसवरून थेट हॉलवर आली. ट्रॅक पँट, पाठीवर किट बॅग, केस घामाने कपाळाला चिकटलेले. आत गेली आणि दहा मिनिटांत साडी नेसून बाहेर. (आम्हाला तिच्या वयात साडी नेसायला एक आई आणि दोन मावश्या लागायच्या.) पंगतीत आमच्या एक काकू तिच्या शेजारी. नाव घेत नाही, त्या स्वतः फेसबुकवर नाहीत पण त्यांच्या सुना आहेत. त्या तिला म्हणतात, "अगं, दहावीला ग्रेस मार्क मिळाले, कोट्यातून अॅडमिशन झाली, आता बास की! कशाला उन्हातान्हात त्या उड्या? गुडघे जातील, मग कोण बघणार?"

तासाभराने ह्याच काकू पदर खोचून रिंगणात. झिम्मा झाला, लाटणं झालं, मग बसफुगडी. उकिडवं बसून, गुडघ्यांचा भुगा होईल अशी. वर गाठोडंही! सगळ्या टाळ्या पिटतायत, मोबाइल वर करून व्हिडिओ काढतायत, "काय स्टॅमिना आहे हो काकूंचा!" मीही टाळ्या वाजवल्या, कारण स्टॅमिना खरंच आहे. पण मग त्या पोरीनेच काय घोडं मारलंय?

काकू एकट्या असत्या तर सोडून दिलं असतं. जास्त चीड आली ती माझ्या ताईची. ती लेकीची बाजू घ्यायला गेली आणि म्हणाली, "तसं नाही हो, खेळाने व्यक्तिमत्त्व घडतं. टीमवर्क येतं. आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं." आरक्षण म्हटल्याबरोबर आख्ख्या पंगतीने माना डोलावल्या. हां, मग ठीक आहे. उपयोग सापडला! पोरगी खाली मान घालून अळूच्या भाजीतले शेंगदाणे वेचत बसली.

मुलाला कोणी विचारतं का हो, की बाबा रे, तू दर रविवारी क्रिकेट खेळतोस त्याचा उपयोग काय? चाळिशी उलटलेले, ढेरी सुटलेले आमच्या सोसायटीतले गृहस्थ टर्फ बुक करून रात्री बारापर्यंत बॉक्स क्रिकेट खेळतात. त्यांचं कुठलं व्यक्तिमत्त्व घडायचं राहिलंय? खेळायला आवडतं म्हणून खेळतात, आणि ते पुरतं. मुलीने मात्र खेळायचं तर आधी पावती दाखवायची. मार्क, कोटा, नोकरी, वजन कमी होतं, स्वसंरक्षण. काहीच नसेल तर निदान उंची वाढते.

आता माझी ती गोष्ट. निम्म्यांनी ऐकलीये, तरी ऐका.

२००८चा ऑगस्ट. इंटरकॉलेजची झोनल मॅच, उपनगरातल्या एका कॉलेजच्या उघड्या कोर्टवर. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूला उतार, त्यामुळे तिकडच्या रिंगखाली हे एवढं तळं साचलेलं. पाऊस थांबला होता. दोन्ही टीमच्या मुली पायऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या अंथरून बसलेल्या. तेवढ्यात छत्री घेतलेले एक सर आले, घड्याळाकडे बघत म्हणाले, "मुलींनो, असं करू, दोन्हीकडून पाच-पाच फ्री थ्रो मारा, निकाल काढू. पुढे मुलांच्या मॅचेस खोळंबल्यात."

आमच्या कॅप्टनने विचारलं, सर, मुलंही ह्याच कोर्टवर खेळणार ना?

"त्यांच्या वेळेपर्यंत सुकेल."

सतरा-अठरा वर्षं झाली, हे वाक्य मला तोंडपाठ आहे. कोर्ट सुकेपर्यंतचा वेळ मुलांना, आम्हाला पाच फ्री थ्रो. सर वाईट नव्हते हो. शांतपणे, समजुतीने बोलत होते. त्यांना मनापासून वाटत होतं की ते आमची सोयच बघतायत.

ह्या "सोय बघण्या"चा इतिहासही फार जुना आहे. १८९१च्या डिसेंबरात नेस्मिथने तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये हा खेळ काढला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन नावाच्या बाईने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. बाई धाडसाचीच, पण तिलाही नियम मऊ करावे लागले. कोर्टचे तीन भाग करायचे, जिने तिने आपल्याच भागात राहायचं, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. का, तर मुली दमतील, झेपणार नाही, शोभणार नाही. १८९३मध्ये त्यांची पहिली मॅच झाली तेव्हा पुरुषांना बघायलाही आत सोडलं नव्हतं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. मुली कधीच आख्ख्या कोर्टवर धावायला लागल्या, आमच्या काकू अजून त्या तीनातल्या एका भागात उभ्या आहेत.

आणि झेपण्याचं म्हणाल तर व्हॉलीबॉलची नेट बायकांना २.२४ मीटर, पुरुषांना २.४३. बास्केटबॉलची रिंग सगळ्यांना ३.०५ मीटर. आमच्यासाठी कोणी खाली आणली नाही, आम्ही मागितलीही नाही. आम्ही मागत होतो चेंडू. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, परीघ साधारण ७२ सेंटीमीटर, मुलांचा सात नंबरचा, ७५च्या आसपास आणि वजनालाही जड. आमच्या जिमखान्यात सहा नंबरचे चेंडू मोजून दोन, त्यातला एक हवा सोडणारा. मग प्रॅक्टिस सातवर. रोज सातवर हात बसवायचा आणि मॅचला सहा हातात घ्यायचा, की पहिला क्वार्टर प्रत्येक शॉट रिंगच्या मागच्या कडेवर टण्ण. बाहेरून बघणारा म्हणणार, मुलींचं शूटिंग कच्चंच असतं.

प्रॅक्टिसची वेळ दुपारी तीन ते साडेचार. ऑक्टोबर हीटमध्ये तीन वाजता उघड्या सिमेंटवर सुसाइड मारून बघा एकदा, बेसलाइनपासून फ्री थ्रो लाइन आणि परत, मग हाफ आणि परत, मग पलीकडची. बुटाचे सोल गरम होऊन सुटायचे. सव्वाचारलाच मुलं येऊन कडेला चेंडू आपटत उभी राहायची. तोंडाने काही म्हणायची नाहीत, म्हणजे सभ्य होती. आपटण्याचा आवाज मात्र वाढत जायचा. बरं, त्यातले दोघे-तिघे आम्हाला डिफेन्स द्यायला लवकर येऊन उन्हात उभे राहायचे, हेही खरंय. लिहिते, नाहीतर ते कमेंटमध्ये येतील.

आता जरा थंड झाले. पाणी पिऊन आले.

टीम म्हणजे काय होती सांगू? तेव्हा जर्सीचे नंबर ४ ते १५च असायचे, आणि आम्ही एकमेकींना नंबरानेच हाका मारायचो. मी तेरा नंबर, म्हणजे बेंच. नऊ नंबर आमची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, नागपाड्याची, जिथे चहावालाही बचाव झोनने करायचा (आपापली जागा राखून) की मॅन-टू-मॅन (एकेकीला धरून) ह्यावर मत देतो. डोक्याला घट्ट रुमाल बांधून खेळायची. (आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोकं झाकून खेळायला परवानगी मिळाली २०१७ला. आमच्या नऊला तिथवर जायचं नव्हतंच, पण ती बातमी तिनेच आम्हाला ग्रुपवर पाठवली होती, नुसती, खाली काही न लिहिता.) हीच नऊ प्रत्येक मॅचआधी आमच्या सगळ्यांच्या वेण्या घालायची, कारण पिना लावून कोर्टवर उतरू देत नाहीत. ओळीने पायऱ्यांवर बसवायची, तोंडात रबर बँड, आणि अशा करकचून वेण्या की भुवया वर खेचल्या जायच्या. सहा नंबरची चमकी निघायची नाही, तिच्या नाकावर मायक्रोपोर, म्हणजे जखमेवर लावतात ती चिकटपट्टी, चिकटवायचा. डीएच्या, म्हणजे मॅचच्या दिवशी मिळणाऱ्या भत्त्याच्या, पैशात वडापाव आणि कटिंग. लेडीज डब्यात दारात किट बॅगा टाकून बसलो की बायका ओरडायच्या, आणि मग त्याच विचारायच्या, जिंकलात का गं?

ह्यातलं बायोडेटात काय लिहू? मी विम्याचे क्लेम तपासते. बॉक्स आउट, म्हणजे समोरच्या टीमच्या मुलीला पाठीने अडवून रिंगखालची जागा धरणं, ते करता येण्याचा मला आजवर एकदाही उपयोग झालेला नाही. विरारच्या गाडीत चढतानाही नाही, तिथे त्याहून वरच्या दर्जाचा खेळ चालतो.

हो, गुडघे जातात. मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक लिगामेंट, फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, मान्य. आमच्या चौदा नंबरचा फाटला. हो, भारतीय बायकांची टीम आजवर ऑलिंपिकला गेलेली नाही, तेही मान्य. बंगळुरूला २०१७मध्ये आशिया कपच्या खालच्या गटात कझाकस्तानला हरवून वरच्या गटात गेली, ते तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? प्रशांती सिंगला २०१९ची पद्मश्री, अनिता पॉलदुराईला २०२१ची. भारताची कॅप्टन झालेली शिरीन लिमये आपल्या पुण्याची. हॉलमध्ये विचारलं असतं तर पुण्याच्या लिमयांमध्ये कोणाची कोण, हे मात्र पंगतीने तीन पिढ्यांपर्यंत सांगितलं असतं.

आणि "अमेरिकेत बघा" म्हणू नका. २०२१मध्ये तिकडच्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना आख्खं जिम आणि मुलींना डंबेलचा एक रॅक आणि काही योगा मॅट दिल्या होत्या. ओरेगनच्या सेडोना प्रिन्सने व्हिडिओ टाकला, बोंब झाली, तेव्हा कुठे वजनं आली. २०२४ला त्याच स्पर्धेची मुलींची फायनल मुलांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिली. पण हे मी काकूंना सांगणार नाही. सांगितलं की परत उपयोगाचाच हिशेब सुरू. उद्या ती फायनल कोणी बघितली नाही तर काय, मुलींनी घरी बसायचं?

तर ते कोर्ट. पलीकडच्या टीमची कॅप्टन म्हणजे आमची पक्की वैरीण, आदल्या वर्षी तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलेलं. ती उठली आणि सरांना म्हणाली, "आम्ही खेळणार." आमची सात नंबर म्हणाली, "आम्ही पुसतो." आणि नऊ, "पानीच तर आहे सर." मग दोन्ही टीम उतरल्या. कँटीनमधून वायपर आणले, वॉचमनकडून गोणपाट, कुणीतरी खोक्याचे पुठ्ठे फाडून आणले, बाकीच्यांनी आपापले टॉवेल. तळ्यातलं पाणी पुठ्ठ्याने ढकलत ढकलत गटारापर्यंत न्यायचं, परत यायचं. ती वैरीण आणि मी एकाच गोणपाटाची दोन टोकं धरून पिळत होतो. काळं पाणी पायांवर. छत्रीवाले सर काही वेळ बघत राहिले, मग आत गेले. दोन रेफरींपैकी वयस्कर होते त्यांनी शिट्टी गळ्यात घातली, पँट दुमडली आणि फ्री थ्रो लाइनवर साचलेलं पाणी बुटाने ढकलायला लागले.

खेळलो. चार क्वार्टर, दहा-दहा मिनिटांचे, पूर्ण. चेंडू भिजून हातात थांबत नव्हता, शिट्टी झाली की रेफरी कमरेच्या टॉवेलला पुसून द्यायचे. पांढऱ्या जर्सींवर सगळीकडे काळे पंजे. आमच्या दोघी फाउल आउट झाल्या म्हणून मला चौथ्या क्वार्टरला उतरवलं. मी एक रिबाउंड (रिंगवरून उसळलेला चेंडू) घेतला, एकदा सपशेल आपटले, पॉइंट शून्य. अकरा पॉइंटनी हरलो.

मुलांच्या मॅचला उशीर झाला. कोणी मेलं नाही.

मला ह्या गोष्टीतून काही शिकायला मिळालं असं कोणी कमेंटमध्ये लिहू नका. ताई, तुला पण सांगते. टीमवर्क वगैरे नाही. आम्हाला खेळायचं होतं, बस. त्या पोरीलाही खेळायचंय. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर "तिला आवडतं" एवढंच म्हण आणि त्यांना अजून एक पोळी वाढ.

भाचीची मॅच शुक्रवारी दुपारी तीनला आहे, माटुंग्याला. मी हाफ डे टाकलाय. नऊ, तुझी शाळा दीडला सुटते, मला माहितीये, कारणं सांगू नकोस. सात, तू ठाण्याहून येतेस तर ट्रेनने ये, गाडी लावायला जागा नाही. आणि नी कॅप घेऊन या गं. मॅच झाल्यावर कोर्ट रिकामं असलं तर थोडं आपणही मारू.