पाणी यायचंय बे!

सोलापुरात कुठलंही काम टाळायला एवढं म्हटलं तरी पुरतं : ‘आज पाणी यायचंय बे.’ पुढं बोलायची सोयच नाही. उजनी धरण भरून वाहिलं तरी आमच्या नळाला पाणी काही दिवसांआडच येतं, तेव्हा पाण्याच्या दिवशी माणूस लग्नाला आला नाही तरी कुणी रुसत नाही.

आमच्या नाग्याचं पाणी मात्र दर रविवारी सकाळी. नेमकं आम्ही कंबर तलावावर जलपर्णी काढायला जमतो तेव्हा. (दिवसांआडचं पाणी वार बघून कसं येतं, हे त्याला विचारायचं नाही.) घरचं पाणी कालच येऊन गेलेलं असेल, तर ‘आज सासऱ्यांकडं यायचंय.’ सासरे नाहीत तर मेव्हणा. अख्ख्या शहराचं पाण्याचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ.

गडी आळशी नाही हो. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, बाराबंदी घालून अनवाणी नंदीध्वजांबरोबर 68 लिंगं फिरतो. गल्लीत मयत झालं तर सगळ्यात आधी हा हजर. पण ‘श्रमदान’ म्हटलं की त्याच्यातला सीआयडी जागा होतो. ‘मागं कोण हाय बे? टी-शर्टावर फोटो कुणाचा?’ टी-शर्टच नाहीत म्हटल्यावर त्याचा संशय पक्का झाला.

पानांनी पाणी झाकलं की मासे गुदमरतात, आणि ही वनस्पती पंधरवड्यात दुप्पट होते, हेही सांगून बघितलं. ‘मग काढता कशाला? परत येतीच की!’

शेवटी वहिनींना गाठलं. ‘कसलं पाणी भावजी? ह्या रविवारी कुणाकडंच न्हाई!’

रविवारी नाग्या आला. इस्त्रीचा शर्ट, हात खिशात, काठावरून सूचना. ‘मुळासकट ओढ बे, कोथिंबीर खुडतोस काय!’ मग राहवेना, पँट दुमडून उतरला. जलपर्णी वरून दिसते हलकी, पण खालच्या काळ्या, झुपकेदार मुळ्या पाणी पिऊन बसलेल्या. पहिल्याच हिसक्याला साहेब गुडघाभर गाळात. शर्ट गेल्यावर मात्र गडी सुटला. घमेल्यांची साखळी लावली, ढीग काठावरच पसरायला लावले, ‘वाळू दे, उद्या निम्मंबी वजन ऱ्हात न्हाई.’

तेवढ्यात पाणवठ्याकडं न बघता एक मॉर्निंग वॉकवाले निघाले. नाग्यानं आडवं घमेलं धरलं. ते गडबडीनं म्हणाले, ‘नको हो, पाणी यायचंय.’

‘मालक, ऱ्हायला कुठं?’

‘जुळे सोलापूर.’

‘तुमच्याकडं कालच सोडलंय. धरा!’