धरणाला जिना बसवला की मासे सुखी? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या त्या मजकुराचा आशय असा: “अमेरिकेत प्रत्येक जलविद्युत धरणाला माशांसाठी जिना असतो. ट्राउट जिना चढून वर जातात, अंडी घालतात. ज्यांना चढता येत नाही त्यांची पैदास हॅचरीत होते. वीज स्वच्छ, नदी जिवंत, मासे खूश. आपल्याकडे मात्र कोणाला काही पडलेली नाही.” सोबत पाण्यातून झेपावणाऱ्या माशाचा फोटो.

शेवटच्या वाक्याबद्दल भांडण नाही. बाकीचं तपासायचं तर हवेत बोलण्यापेक्षा एक नदी आणि एक मासा धरून तपासलेलं बरं. नदी क्लार्क फोर्क. ती माँटाना राज्यातून येते आणि आयडाहोत पेंड ओरेल नावाच्या हजार फुटांहून खोल तळ्याला मिळते. तळ्याकडून वर निघालं की ओळीने तीन धरणं लागतात: कॅबिनेट गॉर्ज (१९५२), नॉक्सन रॅपिड्स (१९५९) आणि सगळ्यांत जुनं थॉम्पसन फॉल्स (१९१५). मासा म्हणजे इथला देशी बुल ट्राउट.

पुढचं सगळं या माशाच्या फेरीवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढ्याचं पाणी ९ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की मादी तळच्या गोट्यांमध्ये खळगा करून अंडी घालते. अंडी हिवाळाभर तिथेच राहतात, वसंतात पिल्लं गोट्यांतून वर येतात. एक ते चार वर्षं ओढ्यात काढून ती खाली मोठ्या तळ्यात जातात, तिथे कोकानी हा छोटा सामन खाऊन वाढतात आणि वयात आल्यावर जन्माच्या ओढ्याकडे परततात. पॅसिफिक सामन एकदा अंडी घालून मरतो. बुल ट्राउट मरत नाही. तो पुन्हा खाली तळ्यात जातो आणि पुढच्या एखाद्या वर्षी पुन्हा वर येतो. १९९८ मध्ये या खोऱ्यातला बुल ट्राउट अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली आला.

“प्रत्येक धरणाला जिना असतो”

नसतो. कोलंबिया नदीवरच्या ग्रँड कूली या अवाढव्य धरणाला आजही जिना नाही. क्लार्क फोर्कवरच्या कॅबिनेट गॉर्ज आणि नॉक्सन या दोन धरणांना पहिली चार-पाच दशकं माशांसाठी कसलीच सोय नव्हती. १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने हिशेब मांडला, तेव्हा संघीय परवान्याखालच्या जलविद्युत प्रकल्पांपैकी जेमतेम दहांतल्या एकाकडे मासे वर चढवायची व्यवस्था होती. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

“जिना असला की मासा चढतो”

जिन्याचं गणित वरून सोपं दिसतं. एकावर एक टाक्या बांधायच्या, दोन टाक्यांच्या पातळीत साधारण एक फुटाहून जास्त फरक ठेवायचा नाही, म्हणजे मासा उसळी न घेताही पोहून वर जातो. शंभर फूट चढायचं तर शंभर टाक्या. सिमेंटकाम कोणीही करेल. अडतं ते दाराशी.

मासा प्रवाहाच्या तोंडाकडे पोहतो. धरणाखाली सगळ्यांत जोरात वाहतं ते टर्बाइनमधून बाहेर पडणारं अवजल. त्यापुढे जिन्यातून येणारी धार क्षीण असेल तर माशाला ती जाणवतच नाही आणि तो अवजलाच्या तोंडाशी दिवसेंदिवस डोकं आपटत राहतो. म्हणून मोठ्या नदीत जिन्याच्या दाराशी प्रवाहाच्या पाच ते दहा टक्के पाणी सोडावं, असा तिथल्या आरेखनाचा दंडक आहे. हे पाणी टर्बाइनला मिळत नाही, म्हणजे विजेचं उत्पन्न जातं. कंत्राटात पहिली कात्री इथेच लागते. दुसरी अडचण अशी की सांडव्यातून पाणी सुटलं की धरणाखालचा प्रवाहच बदलतो. कोरड्या दिवसांत बरोबर जागी असलेलं दार पुराच्या दिवसांत चुकीच्या काठाला पडतं.

थॉम्पसन फॉल्सला २०११ मध्ये ४८ टाक्यांचा पूर्ण उंचीचा जिना झाला, तोही खास बुल ट्राउट डोळ्यांसमोर ठेवून. बाकीच्या जातींचे मासे त्यातून हजारोंनी गेले. बुल ट्राउट वर्षाला बोटांवर मोजण्याइतके. यात जिन्याचा दोष किती आणि खालच्या दोन धरणांमुळे तिथवर पोहोचणारे मासेच किती कमी, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण “बांधला की चढले” हे विधान तिथेच निकालात निघतं.

कॅबिनेट गॉर्जला २०२२ मध्ये जे उभं राहिलं त्याला लोक जिना म्हणतात खरे, पण ते सापळ्याचं दार आहे. मासा थोडं चढतो, सापळ्यात येतो, आणि तिथून पुढचा प्रवास ट्रकमधून होतो. असं मुद्दाम केलंय, त्याचं कारण हॅचरीच्या मुद्द्यात येईल.

“वर गेला की काम झालं”

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. वर नेलेल्या मादीने अंडी घातली तरी तिची पिल्लं खाली तळ्यात जायची आहेत. आणि तीही.

खाली येताना वाटेत आधी धरणाचं पाणसाठं लागतं. ओढ्याच्या ओढीने वाहत आलेलं वीतभर पिल्लू तिथे संथ, उबदार पाण्यात येतं. प्रवाहच नसल्यामुळे वाट चुकते आणि स्मॉलमाउथ बास, वॉलाय, नॉर्दर्न पाइक हे बाहेरून आणून सोडलेले शिकारी टपलेले असतात. त्यातून वाचलं तर टर्बाइन. पात्याचा फटका सगळ्यांना कळतो, दाबाचा खेळ मात्र लक्षात येत नाही. पात्यांमागे क्षणार्धात दाब एकदम कोसळतो. माशाच्या पोटातली हवेची पिशवी त्या वेळात फुगते. ट्राउटला तोंडावाटे हवा सोडता येते, पण त्याला लागणारा अवधी इथे मिळत नाही, आणि पिशवी फाटते किंवा रक्तस्राव होतो.

म्हणून क्लार्क फोर्कच्या खोऱ्यात उलट दिशेचा उद्योग चालतो. ग्रेव्ह्ज क्रीक, व्हर्मिलियन यांसारख्या ओढ्यांवर आणि उपनद्यांवर जाळीचे बांध आणि प्रवाहाने गरगर फिरणारे पिंपासारखे सापळे लावून पिल्लं धरतात, अंगात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, १२ मिलिमीटरची, बॅटरी नसलेली खूणचिप बसवतात आणि ट्रकने नॉक्सन आणि कॅबिनेट गॉर्ज ही दोन्ही धरणं ओलांडून तळ्याच्या बाजूला सोडतात. काही वर्षांनी तोच मासा अँटेनाजवळून गेला की चिपचा क्रमांक उमटतो आणि कोणत्या ओढ्यातलं, कोणत्या वर्षीचं पिल्लू परत आलं ते कळतं.

बिघडतं कुठे? पिल्लं खाली निघतात ती मुख्यतः वसंतातल्या बर्फवितळीच्या पुरात आणि शरदात. पुरात सापळा उचलून ठेवावा लागतो, नाहीतर ओंडके तो मोडतात. शरदात पानगळीने जाळी तुंबते. पाणी जाळीवरून वाहू लागतं आणि पिल्लं त्याच्याबरोबर निघून जातात. शिवाय तुंबलेल्या जाळीवर दाबली जाऊन मरतात ती वेगळीच. माणूस रोज, पानगळीत दिवसातून अनेकदा, जाळी साफ करायला हजर असेल तरच सापळा म्हणायचा.

याच मुद्द्याचं एक उपकलम प्रतिक्रियांमध्ये सापडतं: “धरणाच्या वर बुल ट्राउट दिसतात, मग अडलंय काय?” दिसतात, पण आयुष्यभर ओढ्यातच राहिलेले, वीत-दीड वीत लांबीचे. अशी मादी काहीशे अंडी देते. तळ्यात वाढून आलेली दोन फुटांवरची मादी काही हजार देते. पेंड ओरेल तळ्यात १९४९ मध्ये पकडलेला ३२ पौंडांचा बुल ट्राउट अजून जागतिक विक्रम धरून आहे. फेरी तुटली की जात लगेच संपत नाही. ती खुरटत जाते, आणि एखादा वणवा किंवा दुष्काळ त्या ओढ्याचा हिशेब मिटवायला पुरतो.

“न चढणाऱ्यांसाठी हॅचरी आहे”

मराठी वाचकाला इथे लोणावळ्याचं वळवण आठवेल. टाटांच्या वीज कंपनीने तिथे अनेक दशकं महसीरचं मत्स्यबीज तयार करून ठिकठिकाणी पुरवलं. ते काम मोलाचं आहे. पण बोटुकली पाण्यात सोडणं आणि तुटलेली फेरी जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बुल ट्राउटचा जन्मओढा ठरलेला असतो आणि ओढ्याओढ्यातले मासे जनुकांनी वेगळे ओळखू येतात. मिसळ करून सोडली की हजारो वर्षांत त्या त्या ओढ्याशी जुळलेली घडण पातळ होते.

म्हणूनच ट्रक. कॅबिनेट गॉर्जखाली सापडलेला मासा कुठला, हे पाहून सांगता येत नाही. तो वरच्या बुल नदीचा असेल, त्याही वरच्या थॉम्पसन नदीचा असेल, किंवा धरणाखालच्याच आयडाहोतल्या लाइटनिंग क्रीकचा असेल. शेवटच्याला उचलून वर नेलं तर आपणच त्याची फेरी मोडली. काम असं चालतं:

- रात्री बोटीवरून सौम्य स्पंदित एकदिश विद्युतप्रवाहाने किंवा सापळ्यात मासा धरतात. घरगुती पद्धतीचा उलटसुलट प्रवाह वापरला तर स्नायू इतके आखडतात की पाठीचा कणा मोडतो.
- पराचा छोटा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात. तोवर मासा गार, वाहत्या पाण्याच्या टाकीत. उत्तर एक-दोन दिवसांत यावं लागतं.
- जनुकांवरून जन्मओढ्याचा टापू ठरतो. दोन धरणांमधला असेल तर तिथे, थॉम्पसन फॉल्सच्या वरचा असेल तर तिथे. खालचा निघाला तर परत खालीच.
- सोडण्याआधी टाकीत ओढ्याचं पाणी हळूहळू मिसळतात. तापमानाचा झटका बसलेला मासा पोहून जाताना ठीक दिसतो आणि नंतर मरतो.

जनुकांवरून वाटणी २००४ पासून होते आहे. वर्षाला असे वर नेले जाणारे मोठे मासे काही डझन. आकडा लहान वाटेल, पण ज्या ओढ्यात मोजके खळगे होतात तिथे तीन मोठ्या माद्या म्हणजे पुष्कळ.

“वीज स्वच्छ, नदीला धक्का नाही”

धूर नाही, एवढंच खरं. सांडव्यावरून कोसळणारं पाणी हवेचे बुडबुडे खोल डोहात ओढून नेतं, तिथल्या दाबाने ती हवा पाण्यात विरघळते आणि पाणी वायूने अतिसंपृक्त होतं. माशाच्या परांत, डोळ्यांत, कल्ल्यांत बुडबुडे धरतात. आयडाहोची मर्यादा ११० टक्के संपृक्ततेची आहे आणि बर्फवितळीच्या पुरात कॅबिनेट गॉर्जखाली ती ओलांडली जात आली आहे. उपाय म्हणून सांडव्याच्या माथ्यावर धार फोडणारे ठोकळे बसवले, म्हणजे पाणी एकजात खोल न घुसता पसरून पडतं.

दुसरी गोष्ट पाणी सोडण्याची. विजेची मागणी कमी असेल तेव्हा दारं मिटली की खालचं पात्र उघडं पडतं. तिथे किमान विसर्ग ३,००० क्युसेकवरून ५,००० क्युसेकवर नेला, तो वीज कंपनी, सरकारी खाती, आदिवासी जमाती आणि मासेमारी संघटनांनी १९९९ मध्ये मिळून केलेल्या करारानंतर. कोणी आपणहून दिलेला नाही.

“दोष धरणाचा नाहीच, परकीय माशांचा आहे” आणि “धरणच पाडा”

दोन्ही बाजूंच्या या प्रतिक्रिया. पहिलीत तथ्य आहे. पेंड ओरेलमध्ये १९२५ साली लेक ट्राउट आणून सोडला, १९६६ मध्ये माशांना खाद्य म्हणून मायसिस नावाची कोळंबी. त्या कोळंबीवर लेक ट्राउटचीच पिल्लं पोसली आणि तो तळ्यावर चढून बसला. २००६ पासून गिलनेट (माशाचे कल्ले अडकवणारं जाळं) लावून आणि गळवाल्यांना दर माशामागे १५ डॉलर देऊन तो काढला जातोय. काहींच्या अंगात ठावठिकाणा कळवणारी प्रेषक उपकरणं बसवून ते अंडी घालायला कुठे जमतात ते शोधतात आणि नेमकी तिथे जाळी लावतात. हे थांबवलं तर वरचं सगळं ट्रककाम वाया. पण म्हणून धरण निर्दोष ठरत नाही. ओढ्यात परतायची वाट लेक ट्राउटने अडवलेली नाही.

दुसरीबद्दल: याच नदीवर, वरच्या अंगाला, मिझूलाजवळचं मिलटाउन धरण २००८ मध्ये फोडलं. ते १९०८ चं, वीज जेमतेम दोन-तीन मेगावॅट, आणि मागच्या गाळात ब्यूटच्या तांब्याच्या खाणींचं आर्सेनिक. सर्वांत दूषित गाळ खणून रेल्वेने हलवावा लागला. कॅबिनेट गॉर्ज आणि नॉक्सन मिळून ८०० मेगावॅटच्या घरात जातात आणि त्यांचा परवाना २००१ पासून ४५ वर्षांचा आहे. तिथे २०४६ पर्यंत वाद पाडण्याचा नाही, सापळे किती दिवस चालू ठेवायचे आणि जिन्याच्या दाराशी किती क्युसेक सोडायचे याचा आहे.