मेलेल्याने बोलू नये

गेल्या रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता मी मेघदूत उद्यानाच्या दवाने भिजलेल्या हिरवळीवर मरून पडलो होतो, आणि मला मारणाऱ्या योद्ध्याचे वय बारा वर्षे होते. लढाई सुरू होऊन जेमतेम चाळीस सेकंद झाले होते. या मरणासाठी मी सहाशे रुपये भरले होते हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या रागाचे मूळ तिथे आहे.

खेळ मध्ययुगीन युरोपचा. विलायतेत 1982 साली चेशायरमधल्या पेकफर्टनच्या किल्ल्यात लोक पैसे भरून असे लुटुपुटीचे सरदार होऊ लागले. तो किल्ला दिसायला मध्ययुगीन असला तरी बांधलेला एकोणिसाव्या शतकात, म्हणजे सोंग पायापासूनच होते. आमच्या इंदूरच्या मंडळींकडे तेवढाही किल्ला नसल्यामुळे कारंज्याच्या कोरड्या हौदाला किल्ला म्हणायचे ठरले होते. भाच्याच्या आग्रहाने मी गेलो. आठवडाभर कचेरीत ‘सर, सर’ करून जीभ झिजते, तेव्हा निदान रविवारी हातात तलवार असावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

तिथे गेल्यावर कळले की नवख्याला ‘पेज’ म्हणतात. युरोपात सरदाराघरचा मुलगा साधारण सातव्या वर्षी पेज होई, चौदाव्या वर्षी स्क्वायर आणि एकविसाव्याच्या सुमारास नाइट. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी पेज झालो. आमचा नाइट इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा, मिसरूड फुटलेला मुलगा होता, आणि नाइटला ‘सर’ म्हणण्याची पद्धत असल्यामुळे मी त्यालाही सर म्हणू लागलो. स्क्वायर या शब्दाच्या मुळाशी ढाल वाहणारा, म्हणजे आपला ढालाईत आहे. पेजला मात्र ढालही वाहू देत नाहीत. मला पाण्याचा वीस लिटरचा जार वाहायला दिला.

तलवारही उसनी होती. मराठी फौजेत स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर, या हिशेबाने मी बारगिरातही शेवटचा. ती तलवार म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीवर एसीच्या पाइपाला गुंडाळतात तो काळा फोम आणि त्यावर रुपेरी चिकटपट्टी. माझी नळी मध्येच पिचलेली असल्यामुळे वार करताना तलवार शिळ्या शेवग्याच्या शेंगेसारखी लवत असे आणि शत्रूपर्यंत पोहोचेपर्यंत तिचा विचार बदलत असे. इंदूरकराला अशा प्रसंगी मल्हारराव आठवतातच. तळोद्याला मामाकडे वाढलेला आणि कदमबांड्यांच्या पथकात सुरुवात केलेला हा माणूस पुढे माळव्याचा सुभेदार झाला. पण त्यांनी कदमबांड्यांकडे प्रवेशशुल्क भरल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही.

तर मी मेलो. नियम असा की मेलेल्याने डोक्यावर हात ठेवून पडून राहावे, आणि वैद्याने येऊन, हात धरून दोन मिनिटे बोलल्याखेरीज उठू नये. मेलेल्याने बोलू नये. बोलला तर बढतीचे गुण कापले जातात. वैद्य त्या दिवशी आलाच नव्हता, हे मला मेल्यानंतर कळले.

आले ते मंकी कॅप घातलेले एक काका. पांढरे बूट, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. ते माझ्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून थांबले.

“चक्कर आली का हो?”

मी गप्प राहिलो.

“मराठीच ना तुम्ही? ‘आई गं’ म्हणून पडलात, म्हणून विचारतो. शुगर आहे का?”

मी नाइलाजाने डोळे मिटून घेतले.

“म्हणजे आहे,” असा निष्कर्ष काढून काका गुडघ्यांचा कडकड आवाज करीत माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी नाडी पाहण्यासाठी माझे मनगट धरले. “आमच्या सुखलियात एक गृहस्थ असेच गेले. सकाळी पोहे खाल्ले, वर जिलबी खाल्ली, जिरावण जरा जास्त झाले म्हणाले, आणि बसल्या जागी आटोपले. तुम्ही काय खाल्लेत?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पिशवीतून लिमलेटची गोळी काढली आणि माझ्या तोंडात सारली. प्रेताने गोळी चोखावी की नाही याविषयी नियमपुस्तक मौन बाळगून आहे. मी चोखली.

“आणि हे छातीवर काय? स्कूटरचे सीट कव्हर का?”

ते माझे चिलखत होते. ते स्कूटरचे सीट कव्हरच होते हेही खरे आहे. पण बायकोने शनिवारी रात्री अकरापर्यंत जागून त्याला बंद शिवले होते, आणि ते असे एका नजरेत ओळखले जावे याचे मला फार वाईट वाटले.

“नोकरीत कुठपर्यंत आलात? मी क्लार्क म्हणून लागलो, सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झालो. तुम्ही?”

मरणाचा फायदा मला त्या सबंध सकाळीत एवढ्या एकाच क्षणी झाला. एकोणीस वर्षे मी एकाच टेबलावर आहे, आणि ज्याला मी नोटिंग लिहायला शिकवले त्याच्या केबिनबाहेर आता चिठ्ठी पाठवून उभा राहतो. तिथे निदान महिनाअखेर पगार मिळतो. इथे मी पदरचे पैसे मोडून खालच्या पायरीवर बसायला आलो होतो.

“फार वेळ पडू नका इथे,” काका मनगट न सोडता म्हणाले. “2017 पासून शहर स्वच्छतेत पहिले येते आहे. निगमची गाडी आली तर ओला की सुका एवढेच विचारतील.”

तेवढ्यात शिट्टी वाजवत मार्शल धावत आला. हा खेळाचा पंच, वय सुमारे वीस. त्याने काकांच्या हातातले माझे मनगट पाहिले, घड्याळ पाहिले आणि जाहीर केले की दोन मिनिटांहून अधिक काळ हात धरून संभाषण झाले असल्यामुळे मी जिवंत झालो आहे. मग त्याने काकांना अतिशय आदबीने विचारले, “आपण वैद्य आहात का?”

“वैद्य नाही,” काका म्हणाले, “पण घरी होमिओपॅथीची पेटी आहे.”

एवढ्यावर त्यांच्या काठीला निळी फीत बांधण्यात आली. निळी फीत म्हणजे पेजच्या तीन पायऱ्या वर. शुल्क नाही, चिलखत नाही, मंकी कॅपबद्दल चकार शब्द नाही. उलट वैद्याचे सामान वाहणे हे पेजचे काम असल्याचे मला सांगण्यात आले, आणि काकांनी क्षणाचाही संकोच न करता पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली. तिच्यात दुधी होता.

दुसऱ्या लढाईत त्याच बारा वर्षांच्या मुलाने मला पुन्हा मारले. मी दुध्यासकट पडलो आणि डोक्यावर हात ठेवून काकांची वाट पाहू लागलो. ते आले, वाकले, पिशवीत हात घालून लिमलेटची गोळी काढली, आणि पलीकडे आमचा नाइटही पडला आहे असे दिसताच सरळ झाले.

“तुम्ही जरा थांबा,” काका म्हणाले. “आधी सरांना बघून येतो.”

गोळी शेवटची होती.