‘उल्युलेशन’ बंगालमधून विलायतेला गेलेलं नाही

बंगाली लग्नात बायका जीभ हलवत ‘उलु-उलु’ असा आवाज काढतात, त्या उलुध्वनीचा एक व्हिडिओ फॉरवर्ड होत फिरतोय आणि खाली मजकूर : ‘इंग्रजीतला उल्युलेशन (असा आवाज काढणं) हा शब्द इंग्रजांनी बंगालमधून नेला, मूळ संस्कृत उलूलु. आपल्या मंगलध्वनीला त्यांनी आक्रोशाचा अर्थ चिकटवला. ही प्रथा जगात दुसरीकडे कुठेच नाही.’ यात संस्कृत शब्द आहे एवढंच खरं.

आधी ‘नेला’ पाहू. हा शब्द इंग्रजीत 1590च्या दशकात सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 31 डिसेंबर 1600 रोजी. म्हणजे चोरी आधी आणि चोर नंतर! शब्द आला लॅटिनमधून. ‘उलुलारे’ म्हणजे लांडग्यासारखं केकाटणं, हंबरडा फोडणं. ‘उलुला’ हे एका घुबडाचं नाव. ग्रीकमध्ये ‘ओलोलुझो’, लॅटिनमध्ये ‘उलुलारे’, संस्कृतात ‘उलूलु’ : हे सगळे आवाजाची नक्कल करत घडलेले शब्द. फार तर भावंडं म्हणा, पण एकाच्या पोटी दुसरा जन्मला असं म्हणायला आधार नाही. आपल्या उलूकाचंही, म्हणजे घुबडाच्या संस्कृत नावाचंही, तेच.

आता ‘आक्रोशाचा अर्थ चिकटवला’. इथे गंमत आहे. इसवी सनापूर्वी 19 साली वारलेल्या व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यात डिडो राणी मरते तेव्हा घरं बायकांच्या ‘उलुलातुस’ने दणाणतात; हा शोकच. पण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) लढाईचं वर्णन करताना रोमन सेनापती सीझर हाच शब्द शत्रूच्या विजयघोषाला वापरतो. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात नेस्टर राजाच्या घरी यज्ञात कालवडीवर घाव पडताच मुली-सुना असाच आवाज काढतात, तिथे दुःखाचा मागमूस नाही. आणि आपल्याकडे तरी तो फक्त लग्नाचा होता का? छांदोग्य उपनिषदात सूर्य जन्मताना ‘घोषा उलूलवः’ उठतात, पण अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात राजाच्या विजयासाठीच्या सूक्तात ‘उलुलयः’ येतात ते रणातले. एकच आवाज, प्रसंग वेगळे. हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अथर्ववेद उघडला असता तर बरं झालं असतं.

‘जगात दुसरीकडे कुठेच नाही’ यावर फार वेळ घालवायची गरज नाही. इजिप्तच्या लग्नांत बायका जीभ हलवत ‘झगरूता’ काढतात, पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली मुलखात याच आवाजाला ‘विगेलेगेले’ म्हणतात. उलट आपल्या मराठी लग्नात ही रीतच नाही. मंगलाष्टकं संपली की आपलं ‘वाजवा रे वाजवा’.