आकडा ठरला, आता खाण आखा

माइन प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या मशीनवर बसलं, लायसन्स चालू झालं, त्याबद्दल आधी अभिनंदन. आता लगेच बोअरहोलचा (नमुन्यांसाठी जमिनीत मारलेल्या भोकांचा) डेटा लोड करायला धावू नका, नवशिके तिथेच फसतात. आधी वरच्या मजल्यावर जा आणि यंदा किती टनांचा आकडा बोर्डाला सांगून झालाय तेवढं विचारून या. तो कळला की बाकीचं इनपुट उलट्या दिशेने काढता येतं. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक असतं. त्याला जे द्याल ते गिळतं आणि चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं.

ब्लॉक मॉडेलपासून, म्हणजे जमिनीखालच्या खडकाचे ठोकळे पाडलेल्या मॉडेलपासून, सुरुवात करू. बोअरहोल ५० मीटर अंतरावर असतील तर ब्लॉक ५ मीटरचे घ्या. ५० बाय ५० च्या चौकोनात एका बेंचवर (खाणीच्या एका पायरीवर) १०० ब्लॉक बसतात. माहिती चार कोपऱ्यांतल्या चार भोकांचीच असते म्हणा, पण स्क्रीनवर बारकाई काय दिसते! भोकांच्या नमुन्यांवरून मधल्या ब्लॉकचा अंदाज बांधायच्या पद्धतीला, म्हणजे क्रिगिंगला, ज्यांचं नाव मिळालं ते डॅनी क्रिग १९५१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींचे आकडे घेऊन बसले, आणि त्यांचं म्हणणं असं की मोजक्या नमुन्यांवरून जिथे ग्रेड (धातूचं प्रमाण) फार वरचा दिसतो तिथे खणल्यावर सहसा कमीच निघतो. तेवढा भाग वगळून बाकीचं क्रिगिंग अवश्य वापरा.

मग रंग. चांगल्या ग्रेडला लाल आणि वेस्टला (टाकाऊ खडकाला) निळा द्यायची पद्धत आहे. लाल रंग कुठून सुरू होतो ते लेजंडमध्ये (रंगांच्या सूचीत) ठरतं, आणि लेजंड तुमच्या हातात असतं. लालची मर्यादा १.५ वरून ०.८ वर आणली की अख्खं डिपॉझिट लाजल्यासारखं गुलाबी-लाल होऊन जातं. मीटिंगमध्ये लेजंडकडे बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे थ्रीडी मॉडेल गोल फिरताना बघत असतात, म्हणून ते फिरतं ठेवा.

डेन्सिटी हा तर दुर्लक्षित खजिना. २.६ च्या जागी २.८ टाकलंत की एकही जास्तीचं भोक न मारता जवळपास पावणेआठ टक्के टन वाढतात. खडकाला कळतही नाही. ओलाव्याचंही तेच. लॅब सुक्या नमुन्याचा ग्रेड देते आणि वजनकाट्यावर डंपर ओल्या मालासकट चढतो. हे दोन आकडे सरळ एकमेकांशी गुणा. पाण्यातही धातू सापडेल.

आता पिट, म्हणजे खाणीचा खड्डा. लर्क्स आणि ग्रॉसमन या जोडीने १९६५ मध्ये जी पद्धत मांडली ती गणिताने सिद्ध झालेली आहे: अमुक भाव, अमुक खर्च, भिंतीचा अमुक उतार धरला तर सगळ्यात फायद्याचा खड्डा हाच. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ‘गणिताने सिद्ध’ असं ठळक अक्षरांत छापा. भाव कुठला धरला ते परिशिष्टात जाऊ द्या, शक्यतो टेबलाच्या खालच्या तळटीपेत. आणि त्या खड्ड्यात रॅम्प (डंपरचा उतरता रस्ता) टाकायची घाई करू नका. रॅम्प आला की भिंत मागे सरते, भिंत मागे सरली की वेस्ट वाढतो, आणि वेस्ट वाढला की वरच्या मजल्यावरून फोन येतो. डंपर तळाशी कसे पोचणार, हा प्रश्न डंपर विकत घेतल्यावर पाहू.

वेस्टवरून आठवलं. १० टक्के डिस्काउंट रेट धरला तर दहाव्या वर्षी खर्च होणाऱ्या १०० रुपयांचं आजचं ओझं साडेअडतीसच्या आसपास भरतं. म्हणजे स्ट्रिपिंग (वरचा वेस्ट काढणं) जितकं लांबवाल तितका एनपीव्ही, म्हणजे सगळ्या वर्षांच्या नफ्याचं आजचं मूल्य, खुलतो. पहिली तीन वर्षं नुसता ओअर (धातूचा खडक) काढा, चार्ट बघून डोळे निवतील. चौथ्या वर्षी उघडा पडलेला ओअर संपतो आणि वर वेस्टचा डोंगर तसाच उभा असतो. पण प्लॅन करणाऱ्याची बदली सहसा तिसऱ्या वर्षी होते, त्यामुळे ही अडचण तांत्रिक म्हणता येणार नाही.

मशीनच्या तासांबद्दल लोक उगाच डोकं खाजवतात. वर्षात ८७६० तास असतात, तेवढेच टाका. उपलब्धता ८५ टक्के आणि वापर ८० टक्के धरणारे रडके लोक ६००० तासांच्याही खाली येतात. शिफ्ट बदलताना जाणारा वेळ, ब्लास्टिंगच्या वेळी खाली केलेला पिट, डिझेलची रांग, धुकं, पावसाने चिखल झालेला हॉल रोड, टायर फुटणं: यांतल्या एकाचीही नोंद कॅलेंडरमध्ये आपोआप होत नाही. जे आपोआप होत नाही ते आपण कशाला करायचं?

ऑप्टिमायझर, म्हणजे सगळ्यात फायद्याचा क्रम शोधणारा प्रोग्राम, रात्री लावून घरी जा. सकाळी असा शेड्यूल हाती येईल की शॉव्हेल (माल उचलून डंपरमध्ये भरणारं मशीन) सोमवारी उत्तरेच्या पिटमध्ये, गुरुवारी दक्षिणेच्या, पुढच्या सोमवारी परत उत्तरेला. मोठं इलेक्ट्रिक शॉव्हेल माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकतं आणि मागे जाड केबल ओढत नेतं, हे तुम्ही कन्स्ट्रेंट (अट) म्हणून लिहिलेलं नसतं, मग ऑप्टिमायझरला तरी कसं कळणार? त्याला एनपीव्हीत चिमूटभर वाढ दिसली, त्याने मशीन हलवलं. प्रॉडक्शनचा माणूस हे घेऊन तावातावाने आलाच तर त्याला ‘ग्लोबल ऑप्टिमम’ (सगळ्या पर्यायांतलं सर्वोत्तम उत्तर) ऐकवा. तो शिव्या घालत परत जाईल, पण जाईल.

डिपेंडन्सी, म्हणजे कुठलं काम कुठल्या कामानंतर ते सांगणारे बाण, तर शक्य तितक्या कमी ठेवा. वरचा बेंच उचलल्याशिवाय खालचा खणू नये, ड्रिलिंग झाल्याशिवाय ब्लास्ट करू नये, ब्लास्टशिवाय लोडिंग करू नये, असे बाण जोडत बसलात की गँट चार्ट लांबतो आणि आकडा हुकतो. बाण काढून टाका. ॲनिमेशनमध्ये सहाव्या बेंचचा खडक जागचा न हलता सातवा बेंच खालून नाहीसा होताना दिसेल आणि एक एक्स्कॅव्हेटर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अधांतरी उभा असेल. त्या वेळी प्ले स्पीड वाढवा.

सरफेस (खाणीच्या जमिनीचा मोजलेला आकार) कुठला वापरावा, हा शेवटचा नाजूक मुद्दा. सर्व्हेअर दर महिनाअखेरीला नवा सरफेस पाठवतो. तो उघडू नका. दोन महिने जुनाच ठेवा, म्हणजे जे खणून, दळून, विकून झालंय तेच प्लॅनमध्ये पुन्हा खणायला मिळतं. इतका स्वस्त, इतका खात्रीचा ओअर दुसरा नाही: हॉलेज (वाहतूक) शून्य, डायल्यूशन (वेस्टची भेसळ) शून्य.

एवढं करूनही महिनाअखेरीला हिशोब जुळणार नाही. जो टन कुठेच सापडत नाही त्याला स्टॉकपाइलमध्ये (काढून ठेवलेल्या मालाच्या ढिगात) टाका. स्टॉकपाइल फक्त टेबलात वाढतोय आणि जमिनीवर तिथे बुलडोझर पार्क केलाय असं सर्व्हेअर म्हणू लागला तर त्याला स्वेल फॅक्टर (फोडल्यावर खडक किती फुगतो तो आकडा) नीट तपासायला सांगा. मिलचा ग्रेड कमी आला तर जिऑलॉजीकडे बोट दाखवा, जिऑलॉजीवाले ब्लास्टिंगकडे दाखवतील, ब्लास्टिंगवाले पावसाकडे.

आणि प्लॅन फारच लांब राहिला तर रिबेसलाइन नावाचं बटण आहेच. झालेलं काम हाच नवा प्लॅन, फरक शून्य, पाळणूक १०० टक्के. जुनी फाइल मात्र सर्व्हरवरून आठवणीने उडवा. प्लॅनिंगमध्ये एखादा तरी नवा पोरगा असतो, ज्याला दुपारी काम नसलं की जुन्या फाइली उघडून ताज्या सरफेसशी ताडून बघायची वाईट खोड असते.